तोच संगणक की दुसरा?

बर्लिनमधल्या ‘फुली लायसन्स्ड’ नावाच्या एका छोट्या कंपनीने जुलै २००१ मध्ये एक निबंध प्रसिद्ध केला. विषय रुक्ष होता. मायक्रोसॉफ्टची नवी ऑपरेटिंग सिस्टिम, विंडोज एक्सपी, तीन महिन्यांनी बाजारात यायची होती आणि ती विकत घेणाऱ्याला एक नवाच सोपस्कार करावा लागणार होता. विंडोज संगणकात टाकल्यापासून ३० दिवसांच्या आत ती कंपनीकडून ‘ॲक्टिव्हेट’ करून घ्यायची, नाहीतर ती चालायची बंद होणार. इंटरनेट असेल तर काम क्षणात होई. नसेल तर फोन लावायचा, पडद्यावर आलेले ५० अंक पलीकडच्या माणसाला वाचून दाखवायचे आणि त्याने सांगितलेले ४२ अंक न चुकता टंकायचे. त्या ५० अंकांत काय दडले आहे, कंपनी आपल्या घरातली कोणती माहिती काढून नेते आहे, याची कुजबुज सगळीकडे चालू होती. बर्लिनकरांनी ते ५० अंक उकलून दाखवले.

निघाले ते असे. अंकांचे नऊ गट होते आणि प्रत्येक गटातला शेवटचा अंक नुसता ताळ्याचा, फोनवर वाचताना चूक झाली तर ती जागीच कळावी म्हणून. ताळे वगळले की ४१ अंक उरत. त्यांतल्या एका भागात तुम्ही घेतलेल्या प्रतीचा क्रमांक होता. दुसऱ्या भागात, ६४ बिटांत, तुमच्या संगणकाचे वर्णन होते. नाव, पत्ता, फायली यांतले काहीही नव्हते. कंपनी जे सांगत होती ते बहुतांशी खरे होते, असाच निष्कर्ष या निबंधात निघाला.

जुन्या सरकारी कागदपत्रांवर ‘ओळखीची खूण’ असा एक रकाना असे. उजव्या भुवईवर व्रण, डाव्या गालावर तीळ. ६४ बिटांतले वर्णन याच जातीचे होते. संगणकाच्या दहा गोष्टी त्यात टिपलेल्या होत्या : हार्ड डिस्क, तिच्यावरच्या मुख्य विभागाचा क्रमांक, नेटवर्क कार्ड, सीडी ड्राइव्ह, ग्राफिक्स कार्ड, प्रोसेसरची जात, प्रोसेसरचा अनुक्रमांक, रॅम आणि डिस्क जोडणारे दोन प्रकारचे अडॅप्टर. टिपण्याची पद्धत मुद्दाम ढोबळ ठेवली होती. नेटवर्क कार्डाला दहा बिट, ग्राफिक्स कार्डाला पाच, म्हणजे जगातल्या एकूण एक ग्राफिक्स कार्डांना मिळून जेमतेम तीसेक खुणा. रॅमला तर तीनच बिट, त्यामुळे ती किती आहे एवढेच आणि तेही ‘अमुकपासून तमुकपर्यंत’ असे. या वर्णनावरून संगणक हुडकून काढता आला नसता. पण समोर आलेला संगणक पूर्वी पाहिलेलाच आहे का, एवढे ठरवायला ते पुरेसे होते.

यातल्या दोन खुणांची गंमत सांगण्यासारखी आहे. इंटेलने १९९९ साली पेंटियम-३ या प्रोसेसरमध्ये प्रत्येक नगाला वेगळा अनुक्रमांक कोरला. त्यावरून माणसांचा माग काढला जाईल म्हणून अमेरिकेत एवढा गदारोळ झाला की पुढच्या प्रोसेसरांतून कंपनीने तो काढूनच टाकला. एक्सपी दहा खुणा मागत असे, त्यातली ही एक त्यामुळे बहुतेक संगणकांत कोरीच राहिली. दुसरी खूण म्हणजे डिस्कवरच्या विभागाचा क्रमांक. तो डिस्क फॉरमॅट करताना तयार होतो. फॉरमॅट मारला की नवा क्रमांक. म्हणजे पेचकस हातात न धरता, एकही स्क्रू न काढता, संगणकाचा दहातला एक ‘अवयव’ बदललेला असे.

आता मुख्य मुद्दा. ग्राहक रॅम वाढवतो, जळलेले कार्ड काढून नवे बसवतो, भरलेली हार्ड डिस्क बदलतो. प्रत्येक वेळी त्याने परवाना नव्याने घ्यावा असे कोणी म्हणणार नाही. उलट, सगळेच बदलले तर तो दुसरा संगणक झाला, हेही उघड आहे. या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी रेघ ओढणे भाग होते, आणि मायक्रोसॉफ्टने ती ओढली. नेटवर्क कार्ड होते तेच असेल तर सहा किंवा जास्त खुणा बदलल्यावर संगणक दुसरा धरायचा. नेटवर्क कार्ड बदलले असेल किंवा मुळातच नसेल, तर चार बदलांनंतर. रेघ ओलांडली की विंडोज पुन्हा ॲक्टिव्हेट करून मागे.

हा प्रश्न आपल्याकडे फार जुना आहे. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातला यवन राजा मिनँडर, म्हणजे पाली ग्रंथातला मिलिंद, सागल नगरीत भिक्षू नागसेनाला भेटतो तेव्हा नागसेन त्याला तो ज्या रथातून आला त्या रथाबद्दल विचारतो. दांडी म्हणजे रथ का? आस म्हणजे रथ का? चाके? सांगाडा? राजा प्रत्येक वेळी नाही म्हणतो, आणि अखेर कबूल करतो की हे सगळे एकत्र आले म्हणजे त्याला व्यवहारात ‘रथ’ म्हणतात, इतकेच. मायक्रोसॉफ्टच्या अभियंत्यांनी ‘मिलिंदपञ्ह’ वाचला असेल असे मला वाटत नाही. पण त्यांनी दिलेले उत्तर नागसेनाच्या पद्धतीचे होते : संगणक म्हणजे कोणताही एक भाग नव्हे, दहा भागांची बेरीज जोवर एका मर्यादेच्या वर आहे तोवर त्याला जुन्या नावाने हाक मारायची. फरक एवढाच की नागसेनाच्या रथाला ओळखण्याचा व्यवहार सगळ्या लोकांचा होता. इथे तो एका कंपनीचा होता, आणि तिने ‘दुसरा’ म्हटले की रथ जागेवर थांबत असे.

परवाना माणसाला न देता यंत्राला देण्याची ही कल्पना आली कुठून? ती मोठ्या मेनफ्रेम संगणकांच्या काळातली आहे. आधी आयबीएम सॉफ्टवेअरचे पैसे वेगळे घेतच नसे. यंत्र भाड्याने घेतले की आज्ञावल्या बरोबर मिळत. जून १९६९ मध्ये तिने सॉफ्टवेअरचे दर स्वतंत्र लावायचे जाहीर केले आणि सॉफ्टवेअर ही विकायची वस्तू झाली. पुढे सिस्टिम-३७० या मालिकेत यंत्राने स्वतःचा क्रमांक सांगावा अशी एक सूचनाच प्रोसेसरमध्ये होती, आणि सॉफ्टवेअर विकणाऱ्यांनी तिचा उपयोग करून आपला माल त्या क्रमांकाला बांधला. ग्राहक म्हणजे बँका, विमा कंपन्या, विद्यापीठे. यंत्र बदलले की विक्रेत्याला कळवायचे, तो नवी किल्ली पाठवी. यंत्रे मोजकी, दोन्हीकडे वकील, सगळा व्यवहार कागदोपत्री. तिथे कोणाला फारसे खटकले नाही.

खटकले ते संगणक घराघरांत आल्यावर. ३ फेब्रुवारी १९७६ या तारखेचे, हौशी संगणकवाल्यांना उद्देशून लिहिलेले बिल गेट्सचे पत्र प्रसिद्ध आहे. अल्टेअर या संगणकासाठी त्याने आणि त्याच्या साथीदारांनी लिहिलेली बेसिक ही भाषा कागदी फितीवर मिळत असे, आणि हौशी मंडळी ती फीत एकमेकांना करून देत. अल्टेअर घेणाऱ्यांपैकी दहा टक्क्यांहून कमी लोकांनी बेसिक विकत घेतली, अशी त्याची तक्रार होती. त्या वेळी तो वीस वर्षांचा होता. पत्रातला सूर अरेरावीचा आहे असे तेव्हाही अनेकांना वाटले, पण हिशेब चुकीचा नव्हता.

त्यानंतरची वीस वर्षे म्हणजे कुलपे आणि कुलूपतोड्यांची जुगलबंदी आहे. लोटस १-२-३ हे १९८३ सालचे हिशेबाचे पॅकेज सुरू करायचे तर मूळ फ्लॉपी ड्राइव्हमध्ये असावी लागे. फ्लॉपी खराब झाली की विकत घेतलेले पॅकेजही गेले. चोराने कॉपी करण्याची युक्ती केव्हाच शोधलेली असे, त्रास सगळा पैसे मोजणाऱ्याला. दशक संपता संपता बहुतेक मोठ्या कंपन्यांनी हा नाद सोडून दिला. दुसरी तऱ्हा म्हणजे संगणकाच्या मागे लावायचा ठोकळा, डोंगल. कमोडोर पेटवर चालणाऱ्या वर्डक्राफ्ट या पॅकेजबरोबर १९८० साली आलेला ठोकळा हा याचा अगदी सुरुवातीचा नमुना. (डॉन गॉल नावाच्या माणसावरून ‘डोंगल’ शब्द आला, ही हकीकत अजून सांगितली जाते. ती एका डोंगल-कंपनीने १९९२ च्या जाहिरातीसाठी रचलेली थाप होती.) मराठी वाचकाला हा ठोकळा अपरिचित नाही, निदान त्याची करणी तरी. श्रीलिपीसारख्या पॅकेजवर अंक जुळवणाऱ्या डीटीपीवाल्यांच्या भाषेत तो ‘लॉक’. कितीतरी दिवाळी अंक या लॉकच्या भरवशावर छापखान्यात गेले आहेत. लॉकचा एक गुण मात्र मान्य करायला हवा : संगणक जळला तर लॉक काढून दुसऱ्या संगणकाला लावता येई. परवाना हातात धरता येत होता.

विंडोज ९५ला यातले काही नव्हते. खोक्यावरचा दहा आकडी क्रमांक टंकला की झाले. तो क्रमांक खरा की खोटा हे तपासण्याची रीत इतकी भोळी होती की शेवटच्या सात अंकांच्या बेरजेला सातने भाग गेला की पुरे. सात वेळा एक लिहिला तरी चाले. एक सीडी आणि एक क्रमांक यांवर अख्खे कॉलेज चालत असे.

यंत्राच्या खुणा आणि परवाना यांची घरगुती संगणकावर गाठ घालण्याच्या प्रयत्नात रिक रिचर्डसन या ऑस्ट्रेलियन संशोधकाचे नाव ठळक आहे. त्याने १९९२ साली पेटंटसाठी अर्ज केला आणि १९९६ मध्ये त्याला अमेरिकेत पेटंट मिळाले. ग्राहकाच्या संगणकावर आणि कंपनीच्या संगणकावर एकाच रीतीने काढलेला क्रमांक जुळला तरच सॉफ्टवेअर पूर्णपणे खुले व्हावे, ही त्यातली मध्यवर्ती कल्पना. त्याच्या युनिलॉक कंपनीने २००३ मध्ये ऱ्होड आयलंडच्या न्यायालयात मायक्रोसॉफ्टवर दावा लावला : तुमचे ॲक्टिव्हेशन म्हणजे आमचीच कल्पना. एप्रिल २००९ मध्ये ज्युरीने ३८ कोटी ८० लाख डॉलरांची भरपाई ठरवली. सप्टेंबरमध्ये न्यायाधीशांनी तो निकाल फिरवला. जानेवारी २०११ मध्ये अपील न्यायालयाने पेटंटभंग झाला हे मान्य केले, पण भरपाईचा आकडा ज्या ठोकताळ्यावर काढला होता तोच रद्द ठरवला. पुढच्या वर्षी दोघांनी आपसात मिटवले. लोकांच्या नक्कल करण्याला आळा घालणारी व्यवस्था हीच नक्कल आहे की काय, यावर नऊ वर्षे खटला चालावा, हा योग कोणत्याही फार्सकाराला सुचला नसता.

एक्सपीकडे परत येऊ. नियम कागदावर उदार होता, हे मान्य केले पाहिजे. १२० दिवस उलटले की जुनी नोंद पुसली जाई आणि नव्या रूपातला संगणक इंटरनेटवरून बिनबोभाट ॲक्टिव्हेट करता येई. डॉकमध्ये बसणाऱ्या लॅपटॉपना जास्त सूट होती. त्रास व्हायचा तो थोड्या दिवसांत बरेच काही बदलणाऱ्याला, म्हणजे नेमका ज्याचा संगणक बिघडला आहे त्याला. पहिल्या आवृत्तीत खुणा जुळल्या नाहीत की विंडोज लगेच अडून बसे. सप्टेंबर २००२ च्या सर्व्हिस पॅकमध्ये तीन दिवसांची मुदत मिळाली. ज्यांच्यासाठी ही तटबंदी उभारली, ते मात्र वेशीतून कधीच आत आले होते. मोठ्या संस्थांना हजारो संगणकांवर विंडोज टाकायची असते म्हणून त्यांच्या क्रमांकांना ॲक्टिव्हेशन माफ होते. असा एक क्रमांक एक्सपी विक्रीला येण्याआधीच फुटला आणि जगभर पाठ झाला.

पण दहा खुणांची ही लोकशाही सगळ्यांसाठी नव्हतीच. तयार संगणकाबरोबर येणाऱ्या विंडोजचा न्याय वेगळा होता. मोठ्या कंपन्यांच्या संगणकात विंडोज मदरबोर्डावरच्या बायोसला बांधलेली असे. बाकी सारे बदला, ती हूं की चूं करणार नाही. दुसऱ्या जातीचा मदरबोर्ड बसवला की मात्र ओळख संपली. या परवान्याच्या बाबतीत कंपनीची भूमिका अशी की मदरबोर्ड हाच संगणकाचा प्राण आहे. तो बिघडला म्हणून बदलला तर संगणक तोच. वेग वाढावा म्हणून हौसेने बदलला तर संगणक नवा, आणि नव्या संगणकाला नवा परवाना. म्हणजे बसवलेला बोर्ड तोच, बसवणारा तोच, पण मनात हेतू कोणता होता यावर यंत्राची ओळख ठरणार. नागसेनालाही हे पटवून घ्यायला वेळ लागला असता. खोक्यावर चिकटवलेल्या स्टिकरवरचे क्रमांक लोक उतरवून दुसरीकडे वापरतात असे दिसल्यावर, २८ फेब्रुवारी २००५ पासून बड्या उत्पादकांच्या संगणकांवरच्या स्टिकरचे क्रमांक इंटरनेटवरून चालेनासे झाले. फोन करा, कारण सांगा.

परवाना यंत्राला असा कायमचा चिकटवता येतो का, हा प्रश्न जर्मनीत न्यायालयात गेला होता. ६ जुलै २००० रोजी तिथल्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने म्हटले की माल एकदा कायदेशीरपणे विकला गेला की पुढच्या व्यापाऱ्याने तो संगणकासोबतच विकावा असे मायक्रोसॉफ्ट बजावू शकत नाही. पुस्तक विकत घेतले की ते जुन्या बाजारात विकायला लेखकाची परवानगी लागत नाही, तसेच हे. त्यामुळे अमेरिकेत मदरबोर्डाबरोबर मरणारी विंडोज जर्मनीत सुटी, खुलेआम विकली जात होती. ३ जुलै २०१२ रोजी युरोपीय न्यायालयाने वापरलेल्या सॉफ्टवेअरच्या एका खटल्यात, कायमचा विकलेला परवाना इंटरनेटवरून उतरवलेला असला तरी पुढे विकता येतो, असे ठरवून हे तत्त्व आणखी पुढे नेले. सॉफ्टवेअर तेच, करारातला मजकूर जवळपास तोच, आणि मालकीचा अर्थ मात्र सीमा ओलांडली की निराळा.

विंडोज व्हिस्टा ३० जानेवारी २००७ ला दुकानांत आली. त्याआधीच, ऑक्टोबर २००६ मध्ये, तिच्या परवान्याचा मसुदा बाहेर आला आणि त्यात एक वाक्य होते : दुकानातून घेतलेली प्रत एकदाच दुसऱ्या संगणकावर नेता येईल. सुटे भाग आणून स्वतः संगणक जोडणारी हौशी मंडळी खवळली. दर वर्षा-दोन वर्षांनी मदरबोर्ड बदलणारी ही माणसे, १९७६ च्या त्या पत्रातल्या हौशी मंडळींचीच वारस, पण या खेपेला दुकानात जाऊन पूर्ण किमतीची प्रत घेणारी. २ नोव्हेंबरला कंपनीने ते वाक्य मागे घेतले. या सबंध इतिहासात ग्राहकांनी आरडाओरडा केला आणि महिनाभरात नियम बदलला, असे उदाहरण मला दुसरे आठवत नाही.

व्हिस्टात शिक्षा मात्र कडक झाली होती. मुदतीत ॲक्टिव्हेट न झालेल्या संगणकावर फक्त ब्राउझर उघडे, तोही तासाभरासाठी, मग बाहेर. वर्षभरातच, २००८ च्या सर्व्हिस पॅकमध्ये, ही शिक्षा काढून काळा पडदा आणि वारंवार आठवण यांवर भागवण्यात आले. मधल्या काळात एक प्रकार घडला होता. २४ ऑगस्ट २००७ रोजी विंडोजची प्रत अस्सल आहे की नाही हे तपासणाऱ्या मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवर चुकून अर्धवट तयार असलेली आज्ञावली चढवली गेली. सुमारे १९ तास जगभरातल्या काही हजार अस्सल प्रती नकली ठरत राहिल्या. कंपनीने आकडा १२,००० च्या आत सांगितला. संख्या मोठी नाही. पण पुढे ८ नोव्हेंबर २०१८ लाही जवळपास असेच घडले आणि विंडोज १० प्रोच्या पैसे भरलेल्या ग्राहकांना ‘तुमच्याकडे होम आवृत्तीचा परवाना आहे’ असे दिसू लागले. दोन्ही वेळा ग्राहकाने काहीही बदलले नव्हते. पुरावा त्याच्याकडे नव्हताच, तो दूर कुठेतरी ठेवलेला होता.

हे सगळे वाचताना मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत संगणक जोडून घेतलेल्या माणसाला काहीसे परके वाटेल, आणि ते साहजिक आहे. या नियमांच्या मुळाशी एक चित्र आहे : संगणक कारखान्यात अखंड जन्मतो, त्याला एक नाव आणि एक स्टिकर असते, आणि काही वर्षांनी तो अखंडच टाकून दिला जातो. आपल्याकडचा ‘असेंबल्ड’ संगणक असा कधी नव्हताच. कॅबिनेट जुने, मदरबोर्ड नवा, रॅम मित्राकडून, डिस्क पहिल्या संगणकातली. त्याला जन्मतारीख नाही. तो हळूहळू बदलत जातो आणि त्याचे जुने भाग धाकट्या भावाच्या संगणकात जगतात. एक्सपीची दहा खुणांची पद्धत या संगणकाला निदान समजून तरी घेत होती. मदरबोर्डाला प्राण मानणारी पद्धत त्याला मुळीच ओळखत नाही. किमतीची गोष्ट वेगळीच. जोडून घेतलेल्या संगणकात विंडोजचे पैसे धरायचे असतात हेच अनेकांच्या गावी नसे. दुकानदार ‘विंडोज टाकून’ देई, आणि बिघडला की पुन्हा फॉरमॅट मारून पुन्हा टाकून देई.

कायदा याकडे कसा पाहतो? १९८४ च्या दुरुस्तीने भारतात संगणकाच्या आज्ञावल्या प्रताधिकार कायद्याखाली आल्या. १९९४ ची दुरुस्ती १० मे १९९५ पासून लागू झाली. नकली प्रत जाणूनबुजून वापरणाऱ्याला किमान सात दिवसांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंड अशी तरतूद तिने आणली, आणि त्याचबरोबर कायदेशीर प्रत असणाऱ्याला राखीव प्रत करून ठेवण्याची मुभाही दिली. २०१२ मध्ये डिजिटल कुलपे फोडणे हा वेगळा गुन्हा झाला. यात सगळीकडे भाषा ‘प्रती’ची आहे. मदरबोर्ड बदलल्यावर संगणक तोच राहतो का, याबद्दल कायदा एक अक्षर बोलत नाही. ते ठरवण्याचे काम त्याने करारावर सोडले, आणि करार म्हणजे ‘मला मान्य आहे’ या बटणाच्या वरचा तो मजकूर, जो कोणी वाचत नाही. माझ्या मते या साऱ्या इतिहासातली सर्वांत मोठी उणीव हीच आहे. दुरुस्ती करण्याचा हक्क आणि परवाना टिकण्याचा हक्क हे वेगळे धरता येत नाहीत. ज्या दुरुस्तीनंतर विकत घेतलेली वस्तू हातची जाते तिला दुरुस्ती म्हणणे कठीण आहे.

गेल्या दशकात स्टिकर गेला. २०१२ च्या विंडोज ८ पासून तयार संगणकाचा क्रमांक मदरबोर्डावरच्या चिपमध्येच लिहिलेला येतो. मालकाला तो दिसतही नाही. बोर्ड भंगारात गेला की क्रमांकही त्याच्याबरोबर. २०१५ मध्ये विंडोज १० आली, पहिले वर्षभर जुन्या विंडोजवाल्यांना फुकट, आणि तिच्याबरोबर क्रमांकाची कल्पनाच मागे पडली. संगणकाच्या खुणा कंपनीच्या सर्व्हरवर नोंदल्या जातात आणि त्या जुळल्या की विंडोज आपोआप ॲक्टिव्हेट होते. ज्यांनी फुकट बढती घेतली त्यांच्याकडे ना खोके, ना क्रमांक, ना पावती. त्यामुळे मदरबोर्ड बदलताच या लोकांकडे दाखवायला काहीच उरले नाही. लिनक्स वापरणाऱ्याला यातला कुठलाच प्रश्न पडत नाही, हे जाता जाता नोंदवून ठेवतो.

उपाय २ ऑगस्ट २०१६ च्या मोठ्या अपडेटबरोबर आला. परवाना मायक्रोसॉफ्टच्या खात्याला जोडून ठेवता येऊ लागला. अट एकच, ही जोडणी मदरबोर्ड बदलण्याआधी झालेली हवी. आणि संगणकाबरोबर आलेल्या परवान्याला ही सोय अजूनही सरसकट नाही. चाळीस वर्षे यंत्राला बांधलेला परवाना अशा रीतीने परत माणसाकडे आला, फक्त त्या माणसाने कंपनीकडे आपले खाते उघडलेले असावे लागते. २००१ मध्ये, ५० अंकांच्या काळात, कंपनी ग्राहकाचे नाव विचारत नव्हती.

आज ही रीत अशी आहे. नवा मदरबोर्ड बसवून संगणक सुरू केला की सेटिंगमध्ये ‘विंडोज ॲक्टिव्हेट झालेली नाही’ असे येते. तिथला मदतनीस उघडायचा, ‘मी नुकतेच हार्डवेअर बदलले’ यावर टिचकी मारायची, खात्यात शिरायचे. मग एक यादी येते. त्या खात्यावर नोंदलेली सगळी यंत्रे त्यात असतात, कधीकाळी ठेवलेल्या नावांनिशी : घरातला जुना डेस्कटॉप, मुलीच्या बारावीच्या वेळचा लॅपटॉप, केव्हाच भंगारवाल्याने नेलेला आणखी एखादा. त्यांतले एक निवडायचे आणि शेजारच्या चौकटीत खूण करायची. चौकटीपुढे लिहिलेले असते की मी आत्ता वापरतो आहे ते यंत्र हेच.